दोघांचा उन्हाळा आणि गच्चीची किल्ली

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या काही आठवड्यांत आपल्या दैनिकाच्या पत्रव्यवहाराच्या सदरात पुण्याच्या उन्हाळ्याविषयी बरीच पत्रे प्रसिद्ध झाली. वाढता पारा, तोडली गेलेली झाडे, पाण्याचे टँकर, ऐन रात्री जाणारी वीज या तक्रारी रास्तच आहेत आणि त्या खोडून काढण्याचा माझा हेतू नाही. मात्र त्यांपैकी एका ज्येष्ठ वाचकांनी जाता जाता असा शेरा मारला होता की, हल्लीच्या नवविवाहित जोडप्यांना उन्हाळा म्हटला की मॉल तरी आठवतो नाही तर विमानाचे तिकीट. फारसे पैसे न मोडता घरच्या घरी हे दिवस आनंदात कसे घालवावेत, हे त्यांना ठाऊकच नाही. या शेऱ्यात थोडे तथ्य आहे हे मी मान्य करते. पण त्या तथ्यामागचे कारण त्या पत्रात आले नव्हते, म्हणून हे पत्र. साधा, बिनखर्चाचा आनंद आम्हालाही हवाच असतो. तो जिथे मिळू शकतो त्या जागा, म्हणजे इमारतींच्या गच्च्या आणि शहरातल्या बागा, नेमक्या हव्या त्या वेळी कुलूपबंद असतात.

मी मूळची अकोल्याची आणि माझा नवरा राजापूर तालुक्यातला. दोघेही नोकरीसाठी पुण्यात आलो, इथेच ओळख झाली, लग्न झाले आणि सहकारनगर भागातल्या एका जुन्या इमारतीत सर्वांत वरच्या मजल्यावर भाड्याने राहू लागलो. उन्हाळा या गोष्टीबद्दल आमचे एकमत होणे अवघड होते. आमच्या अकोल्याला मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांना टेकतो, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही आणि अंधार केलेल्या खोलीत कूलरसमोर पडून राहणे यालाच उन्हाळ्याची सुट्टी म्हणतात. त्याच्या गावी पारा तितका चढत नाही, पण सकाळी आंघोळ करून बाहेर येईपर्यंत सदरा घामाने पाठीला चिकटतो. पुणे या दोहोंच्या मध्ये बसते. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून अधिक उंची, कोरडी हवा आणि संध्याकाळी सह्याद्री ओलांडून येणारा पश्चिमेचा वारा, यांमुळे इथली दुपार कितीही रखरखीत असली तरी रात्र अजूनही माणसात असते. देशाच्या हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ साली शिमल्याहून ज्या गावात आले आणि ज्याच्या एका चौकाला आजही शिमला ऑफिस म्हणतात, त्या गावाच्या रात्री एके काळी कशा असतील याचा आम्ही केवळ अंदाज करू शकतो. आजही शिवाजीनगरच्या वेधशाळेतले किमान तापमान आणि कोरेगाव पार्क किंवा मगरपट्ट्याचे किमान तापमान यांत कित्येकदा काही अंशांचा फरक पडतो, हे आपल्याच वृत्तपत्रात वाचायला मिळते. जिथे सिमेंट जास्त आणि झाडी कमी तिथली रात्र उशिरा निवते, एवढाच त्याचा अर्थ.

वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना हे आकडे वाचण्याची गरज पडत नाही. दिवसभर तव्यासारखा तापलेला स्लॅब रात्री अकरा-साडेअकरापर्यंत ती उष्णता खाली खोलीत सोडत राहतो आणि पंखा तीच गरम हवा फिरवत बसतो. भाड्याच्या घरात भिंत फोडून एसी बसवायला घरमालकांची परवानगी हवी, आणि नंतर येणारे वीजबिल भरायला पगार हवा. म्हणून माझ्या आग्रहाने आम्ही कूलर घेतला. कोकणातल्या माणसाला घरात मुद्दाम दमट हवा सोडण्याची कल्पनाच पटेना. एप्रिलच्या कोरड्या हवेत कूलरने खोली खरोखर गार केली तेव्हा तो गप्प बसला, आणि मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात पश्चिमेचा वारा ओल घेऊन येऊ लागला, कूलर नुसताच घरघरू लागला, तेव्हा गप्प बसण्याची पाळी माझ्यावर आली. पाणी हवेत उडून जाताना उष्णता घेऊन जाते, आणि हवेतच ओल असेल तर ते उडत नाही. शाळेत शिकलेले हे विज्ञान नवरा-बायकोच्या वादात इतके उपयोगी पडेल असे वाटले नव्हते.

माठाचेही शास्त्र तेच, पण त्यावर आमचे भांडण नाही. कसब्यातल्या कुंभारवाड्यात जाऊन माठ निवडणे हा आमच्या उन्हाळ्याचा पहिला कार्यक्रम असतो. बोटाच्या पेराने ठोकून नाद ऐकायचा, तळाला चीर नाही ना हे उजेडाकडे धरून पाहायचे आणि स्कूटरवर दोघांच्या मध्ये तो सांभाळत घरी आणायचा. पहिले एक-दोन दिवस पाणी भरून ओतून द्यायचे, मगच प्यायचे. मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी पाझरते आणि वाऱ्याने उडते, म्हणून माठ खिडकीशी ठेवायचा. वर्षभराने पाण्यातल्या क्षारांनी ती छिद्रे बुजतात आणि जुन्या माठाचे पाणी पूर्वीसारखे गार होत नाही, म्हणून दरवर्षी नवा. पाण्यात मी वाळ्याची जुडी सोडते, तो मोगऱ्याची फुले टाकतो. यातले श्रेष्ठ काय, याचा निकाल अद्याप लागलेला नाही. माझ्या दिरांच्या मते पाण्याला पाण्याचीच चव असावी.

दिरांचा उल्लेख आला म्हणून सांगते. नवऱ्याचा धाकटा भाऊ आमच्याकडे राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. मुलगा गुणी आहे आणि त्याची आम्हाला मुळीच अडचण नाही. पण घर दोन खोल्यांचे. बाहेरच्या खोलीत तो पहाटे चारला उठून वाचायला बसतो, आतल्या खोलीत आम्ही कुजबुजत बोलतो. गावाकडून कोणी ना कोणी दवाखान्याच्या, ॲडमिशनच्या कामासाठी येतच असते. पुण्यातल्या हजारो तरुण संसारांचे चित्र याहून फारसे वेगळे नसावे. अशा घरात नवरा-बायकोला अर्धा तास निवांत बोलायचे असेल तर घराबाहेर पडावे लागते. ज्येष्ठ वाचकांना मॉलमध्ये दिसलेली जोडपी खरेदीला आलेली नसतातही; रात्री नऊनंतर बसायला बाक आणि गार हवा फुकट मिळण्याची ती एकच जागा त्यांच्या वाट्याला आलेली असते.

आमच्या डोक्यावर मात्र एक जागा होती. जिन्याच्या दहा-बारा पायऱ्या चढल्या की गच्ची, आणि गच्चीच्या दाराला गंजलेले कुलूप. आम्ही राहायला आलो तेव्हा चौकशी केली असता असे कळले की, काही वर्षांपूर्वी कोणाच्या तरी मुलाने तिथे वाढदिवसाच्या नावाखाली रात्रभर गाणी लावली होती, पोलिस आले होते आणि तेव्हापासून किल्ली समितीच्या एका पदाधिकाऱ्यांच्या कपाटात गेली ती गेली. एका रात्रीच्या गोंधळापायी सगळ्या इमारतीने वर्षानुवर्षे आपल्याच मालकीची हवा सोडून दिली होती. यात एकट्या आमच्या सोसायटीला दोष देण्याचे कारण नाही, कारण ओळखीच्या ज्या ज्या इमारतीत मी विचारले तिथे थोड्याफार फरकाने हीच कथा ऐकायला मिळाली. कुठे सौर पॅनेलचे निमित्त, कुठे पाण्याच्या टाकीचे, कुठे 'कोणी काही बरेवाईट केले तर जबाबदार कोण' हा प्रश्न. शेवटचा प्रश्न गंभीर आहे आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही. पण आग लागली, जिन्यात धूर भरला, तर वरच्या मजल्यावरच्या माणसांनी कुलूपबंद दारापाशी उभे राहून काय करायचे, हा प्रश्नही तितकाच गंभीर आहे.

भाडेकरूच्या अर्जाला सोसायटीत किती वजन असते हे भाडेकरूच जाणे. आमचे नशीब असे की तिसऱ्या मजल्यावरच्या एका काकूंनी हा विषय उचलून धरला. त्यांचा स्वार्थ वेगळा होता, त्यांना कुरडया घालायला जागा हवी होती. त्यांनी सर्वसाधारण सभेत उभे राहून, गच्ची ही सगळ्यांची सामाईक जागा असताना मी माझ्या कुरडया कोणाच्या बाल्कनीत वाळवू, असे विचारले आणि कोणाला उत्तर सुचले नाही. नियम असे ठरले : एप्रिल व मे या दोन महिन्यांत गच्ची पहाटे साडेपाच ते सकाळी दहा आणि संध्याकाळी सहा ते रात्री साडेदहा उघडी राहील, किल्ली रखवालदाराकडे राहील व तो वेळेवर दार उघडून लावील, लहान मुले मोठ्यांशिवाय वर जाणार नाहीत, गाणी, खाण्यापिण्याच्या पार्ट्या, दारू आणि सिगारेट यांना बंदी, आपला कचरा ज्याने त्याने खाली न्यावा. कठड्याच्या एका कमी उंचीच्या बाजूला लोखंडी जाळी बसवली. खर्च प्रत्येक घरामागे एका सिनेमाच्या तिकिटाहून कमी आला.

दार उघडल्यावर काय घडले ते सविस्तर सांगण्यासारखे आहे. पहिल्या काही रात्री सगळे नुसते लाजत वर आले, जणू दुसऱ्याच्या घरी आले आहेत. मग सतरंज्या आल्या. गुडघ्यांमुळे ज्यांना खाली बसवत नाही त्यांच्यासाठी प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या. साडेआठ-नऊला वारा सुटतो, पर्वतीवरचे दिवे दिसतात, तळजाईच्या बाजूने झाडीचा गारवा येतो आणि खालच्या खोलीत जीव नकोसा करणारी तीच रात्र इतकी सुसह्य होते की खाली उतरावेसे वाटत नाही. दीर जिन्याच्या दिव्याखाली पुस्तक घेऊन बसतो. मुले दिवसा पाहिलेल्या क्रिकेटच्या सामन्याची पुन्हा चिरफाड करतात. आणि आम्ही दोघे पाण्याच्या टाकीच्या आडोशाला बसतो. कोणी मुद्दाम तिकडे येत नाही. काकूंनीच एकदा मुलांना 'तिकडं नका रे चेंडू मारू' असे सांगितले, आणि नंतर मला पाहून पदर तोंडाला लावून हसल्या. आमचे त्या वेळचे बोलणे काही विशेष नसते. बॉसचा स्वभाव, घरभाडे, सासूबाईंचे गुडघे, पुढच्या वर्षी कूलर विकावा की नाही. ते खालच्या स्वरात करावे लागत नाही, हीच त्यातली चैन.

कुरडयांच्या दिवशी काकूंनी किल्लीसकट सगळी गच्ची ताब्यात घेतली. गहू तीन दिवस भिजत घालून, रोज पाणी बदलून, वाटून, गाळून त्यांनी चीक तयार केला होता. उजाडण्याआधीच तो शिजवून वर आणला. चीक गरम असतानाच सोऱ्यातून घालावा लागतो, गार झाला की तो हटून बसतो आणि हात भरून येतात. दाबण्याचे काम माझ्या नवऱ्याकडे आले, कारण घरात बलदंड पुरुष आयता मिळाला असताना मी का दमू, असा काकूंचा रोकडा हिशेब. जुन्या नऊवारीवर पांढऱ्या कुरडयांच्या रांगा पडत गेल्या. कावळ्यांसाठी काळी छत्री उघडून ठेवली होती, तिचा धाक कावळ्यांना फारसा नव्हता. फणसाचे पापड आणि आंब्याची साठे यांच्यापलीकडे वाळवण न पाहिलेल्या माझ्या कोकणी नवऱ्याने न वाळलेली चिकट कुरडई खाऊन पाहिली आणि त्यानंतर दर अर्ध्या तासाने 'वर जाऊन बघून येतो' असे म्हणू लागला. विदर्भात, मराठवाड्यात वाढलेल्या कोणालाही ही ओल्या कुरडईची चोरी समजावून सांगावी लागणार नाही.

या कुरडया तळून आमरसाबरोबर खायच्या, हे आमच्याकडचे. राजापूरहून सासऱ्यांनी पाठवलेली पेटी आली की घरात दुसरा वाद सुरू होतो. त्यांच्याकडे हापूस कापून खायचा, रस करायचा तर पायरीचा. हापूसचा रस काढून त्यात साजूक तूप व मिरपूड घालणे म्हणजे त्यांच्या दृष्टीने पाप. आमच्या अकोल्याला गावरान आंबे बादलीत भिजवून, पिळून, घरभर हात माखून रस निघतो आणि त्यात तूप नसेल तर पाहुण्यांचा अपमान होतो. पलंगाखाली पेंढ्यावर आंबे मांडून अढी घातली आहे. रोज रात्री गच्चीवरून खाली आल्यावर दोघांनी वाकून एकेक आंबा हातात घ्यायचा, देठाशी हुंगायचा, मऊ झालेले वेगळे काढायचे, बाकीचे कूस बदलून ठेवायचे. कोकणातल्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले असले तरी बाजारात दक्षिणेकडचा आंबा देवगडच्या नावाने खपतोच, आणि तो ओळखण्याचा माझ्या नवऱ्याला इतका अभिमान आहे की मार्केट यार्डात त्याच्याबरोबर जाणे मी टाळते.

यंदा ज्येष्ठ महिना अधिक आला आहे. १७ मेपासून धोंड्याचा महिना सुरू झाला आणि माझ्या आईने जावयाला धोंडे जेवायला अकोल्याला बोलावले. मे महिन्याच्या उत्तरार्धात कोकणातल्या माणसाला अकोल्याला नेणे हा जावयाचा मान की शिक्षा, यावर फोनवरून बरीच चर्चा झाली आणि अखेर आई-बाबाच तेहेतीस अनारसे डब्यात घालून पुण्याला आले. दोन खोल्यांत पाच माणसे. तरीही ते दिवस मजेत गेले याचे श्रेय मी निःसंकोचपणे गच्चीला देते. लक्ष्मी-नारायणाचा मान म्हणून आईने आम्हा दोघांना पाटावर बसवून ओवाळले, जावयाच्या हातात वाण ठेवले, आणि त्याच रात्री बाबा सतरंजी घेऊन वर गेले. गेली कित्येक वर्षे अकोल्यातही ते उघड्यावर झोपलेले नाहीत. साडेदहाला रखवालदार दार लावायला आला तेव्हा त्यांना उठवणे माझ्या जिवावर आले होते. नियम तो नियम, म्हणून उठवले.

गच्चीने दिलेला आणखी एक आनंद मी सांगते, कारण तो पुण्यातल्या कोणालाही छदाम खर्च न करता मिळू शकतो. आमच्या इमारतीत एक निवृत्त भूगोल शिक्षक आजोबा राहतात. १३ मेच्या सुमारास दुपारी १२ वाजून ३१ मिनिटांची वेळ साधून त्यांनी रखवालदाराकडून दार उघडून घेतले आणि मुलांना, आणि घरून काम करत असलेल्या आम्हा चार-पाच जणांना, पायात चपला घालून गच्चीवर यायला लावले. मध्यभागी स्टीलचा उभा पेला पालथा ठेवला होता. त्याची सावली आकसत आकसत नाहीशी झाली. आम्हीही हात शरीराला चिकटवून ताठ उभे राहिलो आणि पायांशी सावली उरली नाही. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या मधल्या प्रत्येक गावावरून सूर्य वर्षातून दोनदा अगदी डोक्यावरून जातो. पुण्यात तो जुलैअखेर परत जाताना बहुधा ढगांत असतो, म्हणून मेमधला दिवस साधायचा, असे आजोबांनी सांगितले. मग त्यांनी आमची गावे विचारली. राजापूरला हा योग ६ मेच्या आसपास येऊन गेला, पुण्याला आज, आणि अकोल्याला साधारण २३ मेला. म्हणजे माझ्या सासरहून निघालेला सूर्य आमच्या घरावरून माहेरी जातो आणि त्याला या प्रवासाला अडीच आठवडे लागतात. नवरा म्हणाला, 'बघ, एसटीपेक्षा हळू.' आजोबांना हा विनोद फारसा रुचला नाही.

शहरात इतरत्र मिळणारे आनंद मी थोडक्यात उरकते, कारण त्यांची वर्णने आपल्या पुरवण्यांत नेहमी येतात. घुंगरांचा आवाज करत फिरणारे रसवंतीचे चाक आणि बिनबर्फाचा, आले-लिंबू घातलेला उसाचा रस. दोघांत एक मस्तानी, जिच्यावरचे आइस्क्रीम कोणी संपवायचे हे आधी ठरवून घ्यावे लागते. सिंहगडाच्या बाजूने आलेली, पानाच्या द्रोणात मिळणारी करवंदे, आणि ती अर्धी चावून 'कोंबडा की कोंबडी' पाहण्याचा, तिशीच्या उंबरठ्यावर शोभत नसलेला खेळ. शनिवार-रविवारी तिकिटात सवलत असते म्हणून भर दुपारी स्वारगेटहून मेट्रोने पिंपरीपर्यंत जाऊन परत येणे हेही आम्ही केले आहे. सिव्हिल कोर्टचे सुमारे ३३ मीटर खोल स्थानक या दिवसांत शहरातल्या सर्वांत गार जागांपैकी एक असावे. आणि वसंत व्याख्यानमाला. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली सुरू केलेली ही व्याख्यानमाला आजही २१ एप्रिल ते २० मे या काळात भरते, टिळक स्मारक मंदिरात शेजारी शेजारी बसून एखादा विषय ऐकता येतो आणि टिळक रस्त्याने घरी परतताना त्यावर वाद घालता येतो. सभागृहात आमच्या वयाची माणसे कमी दिसतात, हे मात्र खरे. ज्येष्ठ वाचकांची तक्रार तेवढ्यापुरती मी मान्य करते.

आता बागांविषयी. मेच्या मध्यावर पुण्यात सूर्यास्त सातच्या सुमारास होतो. नोकरी करणारी माणसे वाहतुकीतून सुटून घरी पोचेपर्यंत आठ वाजतात. आणि शहरातल्या कितीतरी बागांत आठच्या सुमारास रखवालदाराची शिट्टी वाजते. म्हणजे बाकाचा दगड निवू लागतो, वारा सुटतो, त्याच वेळी माणसांना बाहेर काढले जाते. सकाळी अकरापासून चारपर्यंत बाग बंद ठेवण्यात शहाणपण आहे; पुणेकरांच्या दुपारच्या झोपेवरचे विनोद बाजूला ठेवले तर या हवेत ती वेळ घरात बसण्याचीच आहे. नागपूरला उन्हाळ्यात दुपारच्या वेळी अनेक सिग्नल बंद ठेवतात, जेणेकरून दुचाकीवाल्यांना उन्हात उभे राहावे लागू नये. ऋतूप्रमाणे शहराचे वेळापत्रक बदलता येते, याचा हा पुरावाच आहे. मग आपल्या बागांची वेळ एप्रिल व मे या दोन महिन्यांपुरती रात्री दहापर्यंत नेणे अशक्य का असावे?

यावर सुरक्षेचा आक्षेप घेतला जाईल. दिवे आणि माणसे असलेली बाग अंधाऱ्या, ओस बागेपेक्षा सुरक्षित असते, असा स्त्री म्हणून माझा अनुभव आहे. दुसरा आक्षेप मनुष्यबळाचा, आणि तो खरा आहे. जादा दोन तासांचे रखवालदाराचे वेतन कोणी तरी द्यावेच लागेल. सगळ्या बागा एकदम नकोतच. प्रत्येक भागातली एक मोठी बाग निवडावी, दिवे दुरुस्त करावेत आणि एक उन्हाळा करून पाहावे. तिसरा आक्षेप सहसा कोणी उघडपणे घेत नाही, पण तोच खरा असतो : रात्री बागेत जोडपी बसतील. बसू द्यावीत. एका बागेत, मी नाव लिहीत नाही, आम्ही दोघे बाकावर बसून कणीस खात असताना तिथल्या रखवालदाराने 'नवरा-बायको आहात का?' असे विचारले. मी मंगळसूत्र रोज घालत नाही. उत्तर 'हो' असे होते म्हणून त्या दिवशी निभावले. पण दोन सज्ञान माणसांनी सार्वजनिक बाकावर बसण्यासाठी हा पुरावा का द्यावा, आणि ज्यांचे उत्तर 'नाही' किंवा 'अजून नाही' असे असेल त्यांनी काय करावे, हे मला कळलेले नाही. रखवालदाराला काय पाहायचे आणि काय पाहायचे नाही याच्या स्पष्ट सूचना दिल्या तर त्याचेही काम सोपे होईल.

गच्च्यांच्या बाबतीत कोणत्याही सरकारी निर्णयाची वाट पाहण्याची गरज नाही, म्हणून माझी खरी विनंती सोसायट्यांच्या समित्यांना आहे. आमच्या इमारतीत या दोन महिन्यांत एकही तक्रार आली नाही, असा माझा दावा नाही. एकदा कोणी तरी भेळेचे कागद टाकून गेले, एकदा दुसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी पावलांचा आवाज होतो म्हणून चिठ्ठी लिहिली. दोन्ही वेळा बोलून मार्ग निघाला. २०२५ साली पाऊस मे महिन्यातच शहरात येऊन थडकला होता, तेव्हा यंदाही गच्चीचे किती दिवस उरले आहेत हे सांगता येत नाही. परंतु बहुतेक सोसायट्यांच्या वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होतात आणि पुढच्या उन्हाळ्याचा ठराव तिथेच व्हायला हवा. भाडेकरूंनी आपल्या घरमालकांमार्फत विषय द्यावा, कारण सभेत मत त्यांचेच धरले जाते. आमच्या सोसायटीचे नियम साध्या मराठीत एका पानावर लिहिलेले आहेत. ते कोणाला हवे असल्यास या पत्रासोबत त्यांची प्रत आपल्या कार्यालयाकडे देत आहे. समितीच्या संमतीने ती कोणालाही द्यावी. लोखंडी जाळी किती उंचीची बसवली आणि ती बसवताना गळतीरोधक थराला धक्का लागू नये म्हणून काय केले, तेही काकूंनी त्याच पानाच्या मागे लिहून दिले आहे.

आपली नम्र,
एक वाचक,
सहकारनगर, पुणे